धनेशवहिनींचं मुखत्यारपत्र

एका जंगलात, मुलांनो, झाडाच्या ढोलीवरसुद्धा कर होता. त्याला ढोलीपट्टी म्हणत. ढोली झाडाची, झाड जंगलाचं आणि जंगल सिंहाचं, असा त्यामागचा हिशेब होता. झाडाला कोणी विचारलं नव्हतं.

पट्टी काही भारी नव्हती. वर्षाला चोचभर उंबरं. पण ज्याच्या नावावर ढोली, त्या धारकानं ती स्वतः कचेरीत येऊन भरायची. नाही भरली तर ढोली जप्त.

या जंगलात एक धनेश राहायचा. चोच केवढी तरी मोठी, आवाज भारदस्त आणि मन अगदी भित्रं. त्याच्या बायकोला सगळे धनेशवहिनी म्हणत. ती भित्री नव्हती. बेहड्याच्या झाडातली त्यांची ढोली तिला तिच्या आईकडून मिळालेली, आणि तिच्याच नावावर होती.

आता धनेशांची एक रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत जाऊन बसते आणि चिखलानं दार लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. पिल्लं मोठी होईपर्यंत ती बाहेर येत नाही. नर बाहेरून फळं आणून तिला भरवतो. साप, घोरपडी आत शिरू नयेत म्हणून ही व्यवस्था. फार जुनी आहे. कचेरीपेक्षा जुनी.

वहिनींनी दार लिंपलं आणि चिखल वाळायच्या आत पट्टीची नोटीस आली.

"अगं, तुला कचेरीत बोलावलंय," धनेश फटीशी येऊन म्हणाला.

"मी कशी येणार? अंड्यांवर कोण बसेल, सिंह?"

"हळू बोल गं!"

"तुम्ही जा. मी मुखत्यारपत्र देते."

मुखत्यारपत्र म्हणजे काय, माहीत आहे? 'माझ्याऐवजी हा येईल, यानं केलेलं ते मीच केलं असं समजा,' असं लिहिलेला कागद. जंगलात तो पळसाच्या पानावर लिहायची पद्धत होती. धनेशानं पान लिहिलं, वहिनींनी फटीतून चोचीचा ठसा उमटवला, आणि धनेश कचेरीत गेला.

कचेरी वडाखाली होती. तिथे घोरपडबाई बसत. त्यांनी एकदा एखादी गोष्ट धरली की त्या सोडत नसत. म्हणूनच त्यांना नोकरी लागली होती.

घोरपडबाईंनी पान सुलट वाचलं. उलटं करून वाचलं. मग उन्हात धरून वाचलं. दिवस कलला तेव्हा त्या म्हणाल्या, "ठसा चोचीचा आहे. नियमात पंजाचा सांगितलाय."

धनेश घरी आला. वहिनी दिवसभर उपाशी होत्या.

"उंबरं आणलीत?"

"नाही गं. त्रुटी आणलीय."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी कसंबसं एक बोट फटीबाहेर काढलं आणि ठसा दिला. घोरपडबाईंनी पुन्हा दिवसभर वाचलं. "ठसा पुऱ्या पंजाचा हवा. आणि साक्षीदारासमोर दिलेला हवा. ढोलीत तेव्हा कोण होतं?"

"कोणी नाही हो बाई. ती आणि अंडी."

"अंडी सज्ञान आहेत का?"

धनेश पान घेऊन परत आला.

असे दिवस चालले. धनेश रांगेत उभा असे, म्हणून उंबरं आणायला कोणी नसे. वहिनींचा आवाज बारीक होत गेला. त्यात एक घुबड येऊन ढोलीची मापं घेऊन गेलं. जप्तीनंतर ती आपल्याला मिळेल असं त्याला कुठूनसं कळलं होतं. "आत ओल येते का हो?" असं त्यानं धनेशालाच विचारलं.

धनेशाला रडू आलं. एवढ्या मोठ्या चोचीचा पक्षी रडताना फार विचित्र दिसतो, म्हणून तो झाडामागे जाऊन रडला.

आता तुम्ही म्हणाल, इथे एखादा लबाड कोल्हा येणार. येत नाही. कोल्हा त्या आठवड्यात रजेवर होता.

आली ती दवंडी. प्रजेचे हाल बघून महाराजांनी जलद खिडकी उघडली आहे. मुखत्यारपत्रं यापुढे झटपट स्वीकारली जातील हो!

जलद खिडकीवर ससा बसवला होता. त्याला कामाचा उरक दांडगा. धनेशानं पान पुढे केलं. सशानं ते घेतलं, ठप्पकन शिक्का मारला, दप्तरात दोन नावं खरडली आणि ओरडला, "पुढचा!"

"अहो, पण वाचलं नाहीत," धनेश म्हणाला.

"वाचायची खिडकी ती. ही जलद. पुढचा!"

धनेश इतका हरखला की घरी जाताना त्यानं उंबराचं अख्खं झाड पालथं घातलं. वहिनींनी कितीतरी दिवसांनी पोटभर खाल्लं.

दुसऱ्या दिवशी तो चोचभर उंबरं घेऊन पट्टी भरायला गेला. घोरपडबाईंनी दप्तर उघडलं.

"धारक, धनेश. मुखत्यार, धनेशवहिनी."

"अहो बाई, उलटं झालंय! धारक ती आहे. मुखत्यार मी."

"शिक्का सुलट आहे ना? मग झालं."

धनेशानं जरा विचार केला. "बरं, मी धारक तर मी. घ्या ही उंबरं."

"तुम्ही मुखत्यार नेमलाय. मुखत्यार नेमला की आम्ही धारकाशी बोलत नाही. त्यांना पाठवा."

"ती अंड्यांवर बसलीय हो!"

"मी तुमच्याशी बोलत नाही," घोरपडबाई त्याच्याशी बोलल्या.

"मग दुरुस्ती तरी करा."

"अर्ज द्या. मुखत्यारामार्फत."

धनेशानं घरी येऊन सगळं सांगितलं. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मी तुमची मुखत्यार?"

"दप्तरात तसंच आहे."

"बरं. ती उंबरं इकडे द्या. आणखी आणा. मला ताकद लागेल."

मुदत संपली. जप्तीचा हुकूम घेऊन स्वतः घोरपडबाई निघाल्या, कारण झाडावर चढणारं कचेरीत दुसरं कोणी नव्हतं. कामावर असताना अंडी खायची त्यांना मनाई होती. पण हे त्यांच्या जिभेला कोणी कळवलं नव्हतं. ती सारखी आत-बाहेर करत होती. बेहड्याखाली घुबड गाठोडं घेऊन तयार होतं.

घोरपडबाई सरसर वर चढल्या. आणि मुलांनो, तो भित्रा धनेश फटीसमोर पंख पसरून उभा राहिला.

"आधी मला जप्त करा," तो म्हणाला. डोळे घट्ट मिटून, पण म्हणाला.

"बाजूला व्हा. तुमच्याशी आमचं बोलणं नाही." घोरपडबाईंनी त्याला शेपटीनं लोटलं, आणि नियमाप्रमाणे दार फोडण्याआधी पुकारा केला. "मुखत्यार हजर आहेत का?"

"हजर!" ढोलीतून खणखणीत आवाज आला.

घोरपडबाई थबकल्या. मुखत्यार जागेवर हजर असेल तर त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय जप्ती करता येत नसे.

"काय म्हणणं आहे आपलं?" त्यांनी विचारलं, आणि नीट ऐकू यावं म्हणून तोंड फटीला लावलं. जीभ आधीच आत गेली होती.

वहिनींनी नाकावर चोच हाणली.

घोरपड धरलेलं सोडत नाही म्हणतात. त्या दिवशी सोडलं. बाई झाडावरून सुटल्या त्या थेट घुबडाच्या गाठोड्यावर पडल्या. पाठोपाठ फटीतून चोचभर उंबरं त्यांच्या अंगावर येऊन पडली. ती पट्टी.

घोरपडबाई बराच वेळ नाक धरून बसल्या. मग पंचनामा लिहायला घेतला. नाकाच्या जखमेला त्यात रकाना नव्हता. म्हणून त्यांनी लिहिलं, 'मुखत्यार जागेवर हजर. म्हणणं थोडक्यात मांडलं. पट्टी वसूल. जप्ती रद्द.'

घुबड गाठोडं उचलून कुठे गेलं, कोणी बघितलं नाही.

पुढे अंडी फुटली, पिल्लं झाली. वहिनींनी दार फोडलं, पंख झटकले आणि सगळ्यात आधी कचेरी गाठली. धनेश मागून आला.

"ढोली माझ्या आईची आहे," त्या म्हणाल्या. "दप्तरात यांच्या नावावर लागलीय. नावं बदलून द्या."

घोरपडबाई थोड्या मागे सरकून बसल्या. "ज्या नोंदीवर पट्टी वसूल झाली, ती नोंद बरोबर असते. बदलता येत नाही."

वहिनींचे डोळे बारीक झाले. "असं? मग मला सांगा, ढोलीचा सगळा कारभार मुखत्यार बघणार?"

"हो."

"घेणं, देणं, कोणाला आत घ्यायचं, सगळं?"

"सगळं."

"आणि यांच्याशी तुम्ही बोलणार नाही?"

"अवाक्षर नाही."

वहिनींनी नवऱ्याकडे एकदा बघितलं.

"मग राहू द्या तसंच," त्या म्हणाल्या. "चला हो, पिल्लं उपाशी असतील."

तात्पर्य : मुखत्यारपत्र नेहमी तातडीनं सादर करावं. सावकाश केलं, तर ते कोणीतरी वाचतं.