तुतीच्या झाडाचं बँडेज

“जन्म गेला माझा माणसं बांधण्यात! एका पेशंटनं कधी ‘आई गं’ म्हटलं नाही. दोन झाडांना पट्टे बांधायचे, ती काय मोठी बात!”

पट्टीकाकांनी लेकीला फोनवर असं ठणकावून सांगितलं. काका इस्पितळात ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, मलम लावायचं, पट्टी बांधायची. नोकरी संपली, पण नाव काही सुटलं नाही.

लेकीनं पाठवली होती झोळी. सहलीला जाणारे लोक दोन झाडांच्या मध्ये बांधून झोपतात ना, तसली, कापडी. आईसाठी. कारण काकूंचं मोठं ऑपरेशन झालं होतं. जखम छान भरली होती. काकांनी स्वतः टाके पाहून पसंतीची मान डोलावली होती. काकू मात्र भरून येत नव्हत्या. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. पूर्वी चहात साखर कमी पडली तर काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. आता काकांनी एकदा मुद्दाम बिनसाखरेचा चहा दिला, तर काकूंनी तो निमूटपणे पिऊन कप परत केला. त्या दिवशी काका खरे घाबरले.

तेव्हापासून ते पलंगाशेजारच्या खुर्चीतच बसून असत. झोप म्हणजे मधूनमधून मान लवायची तेवढीच.

डॉक्टर म्हणाले, “उघड्यावर न्या त्यांना. मन रमेल.” पण काकू खोलीबाहेर पडायला तयार नव्हत्या. झोळीबद्दल सांगितलं तेव्हा भिंतीलाच म्हणाल्या, “माझ्या झाडांना ओरखडा उठता कामा नये.”

अंगणातल्या दोन्ही तुती त्यांनी काड्या खोचून वाढवलेल्या. काकांना एवढं एक वाक्यसुद्धा औषधाच्या चिठ्ठीसारखं वाटलं. ते कामाला लागले.

झोळीबरोबर दोन रुंद पट्टे आले होते. साल कापली जाऊ नये म्हणून मुद्दाम रुंद केलेले. शहाण्या माणसानं ते खोडाला घट्ट आवळले असते आणि झोळी अडकवून मोकळा झाला असता. पण काका शहाणे नव्हते, ड्रेसर होते! त्यांनी आधी खोड ओल्या फडक्यानं पुसलं. मग कापसाचा जाड थर दिला. त्यावर बँडेज, एकावर एक, सुरेख वेढे. आणि सगळ्यात वर ते पट्टे, बेताचे सैल. पट्टीखाली एक बोट गेलंच पाहिजे, नाहीतर रक्त अडतं, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. झाडाला रक्त नसलं म्हणून काय झालं, रस तर असतो!

शेजारच्या शिंपीणबाईंनी कुंपणावरून हे पाहिलं.

“काका, काय झालं हो झाडांना?”

“काही नाही, काळजी म्हणून बांधतोय.”

माणसं ‘काही नाही’ कधी म्हणतात, हे शिंपीणबाईंना चांगलं ठाऊक होतं. पलीकडच्या सुताराकडे बातमी पोचली ती अशी, की काकांच्या तुतींना कीड लागली, खोडं सडली, आता एवढ्यात एखादं झाड कुणाच्या तरी डोक्यात पडणार. सुतार भला माणूस. मोजपट्टी आणि करवत घेऊनच आला आणि खोडावर टकटक करू लागला.

“काका, जीव गुंतवू नका. रोग लागलेलं झाड लवकर पाडलेलं बरं. पण वरनं अजून टणक वाटतंय. एक चांगला पाट निघेल.”

“अहो, रोग नाही लागलेला!”

“घरच्या माणसाला असंच वाटतं, काका.”

इतक्यात खिडकी धाडकन उघडली. “करवत खाली ठेवा! माझ्या झाडाला हात लावाल तर याद राखा!”

काका बघतच राहिले. खिडकीत काकू होत्या. उभ्या! पाठोपाठ भिंत धरत, ओटा धरत त्या अंगणात आल्या. सुतार करवत पाठीमागे लपवून दोन पावलं मागे सरकला. पण काकूंचे पाय लटपटत होते, म्हणून काकांनी धावत जाऊन त्यांना नुकत्याच टांगलेल्या झोळीत आडवं केलं.

“बघ! झाडाला काही कळलंसुद्धा नाही,” काका अभिमानानं म्हणाले.

झाडाला कळलं नाही, ते बँडेजला कळलं. कापसावरून सगळं बांधकाम हळूहळू खाली सरकू लागलं. आवाज नाही, धक्का नाही. काकूंना घेऊन झोळी इस्पितळातल्या लिफ्टसारखी गंभीरपणे उतरत होती. काका बरोबरीनं वाकत गेले. “दुखतंय का? दुखतंय का?” असं विचारत विचारत तेही गुडघ्यांवर आले. शेवटी काकू जमिनीवर टेकल्या.

कुणी हसलं नाही. शिंपीणबाईंनी तोंडाला पदर लावला.

काकूंनी हात वर करून पट्ट्याखाली बोट घातलं. बोटच काय, अख्खा पंजा आत गेला.

“वा! झाडाला हवा खेळायला जागा, आणि बायकोला जमीन!” काकू कडाडल्या. “एवढी वर्षं तुम्हाला पगार देत होते तरी कशाचा? काढा तो कापूस! रुंद पट्टा आहे, आवळला म्हणून झाड मरत नाही. आणि हा अवतार काय करून घेतलाय? दाढी कधी केलीत शेवटची? आरशात बघता की नाही?”

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी शिव्या मिळत होत्या! “बोल, अजून बोल,” ते म्हणाले.

“बोलतेय ना! आधी उठवा मला!”

सुतारानं पट्टे थेट सालीवर आवळले. काकू खुर्चीवर बसून हुकूम सोडत होत्या. झोळी पुन्हा टांगली गेल्यावर त्यांनी काकांकडे बोट दाखवलं.

“आधी तुम्ही झोपून दाखवा. माझा विश्वास उडालाय.”

काका आडवे झाले. पट्टे तसूभर हलले नाहीत. “बघ, आता कशी...” एवढंच बोलले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. “बाबा, लागली का आईला झोप?”

“आईच बोलतेय,” काकू पायानं झोळीला झोका देत म्हणाल्या. “तुझे बाबा दुपारपासून घोरतायत. हळू बोल.”