वलगावच्या पांदणीवरील जंग, अर्थात लांडोरीचा रकाना

श्रीशके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, आषाढ मास. वऱ्हाड प्रांत, सुभा अमरावती, मौजे वलगाव येथील पांदणीवर जो रणसंग्राम जाहला त्याची हकीकत कोणी पुसली नाही, पुसावयाचे कारणही कोणास नव्हते. तथापि पुढेमागे कोणी माहितीच्या अधिकारात पुसले तर कागद असावा, म्हणून जे घडले ते लिहिले आहे. उणेअधिक असेल ते पाखरांनी पदरात घ्यावे. मनुष्यांनी घ्यावे ऐसे त्यात काही नाही.

वलगावचे शिवारात दोहो शेतांमधून पांदण जाते. पांदण म्हणजे शेतास जावयाची गाडीवाट. पावसाळ्यात तेथील काळ्या मातीचा ऐसा लगदा होतो की बैल पार होतो आणि गाडी तेथेच मुक्काम करिते. वाटेचे दोहो अंगांस बोरी, बाभळी आणि रायमुनियाची जाळी. पूर्वी ही जाळी कोसभर होती आणि तीत लांडोरी, तितर, लावे यांची जुनी ठाणी होती. मग वैशाखात लोकांनी धुरे, म्हणजे शेतांचे बांध, साफ करावयाचे म्हणून काडी लाविली, आणि आगीतून जे वाचले ते तणनाशकाने मारिले, आणि मग आजकाल पाखरे दिसत नाहीत म्हणून परस्परांपाशी मोठी हळहळ केली. शेळ्या चारणारे वृद्ध श्रावणबाबा यांचे गणतीप्रमाणे तीन सालांमागे लांडोरी एकवीस होत्या, यंदा अकरा. आणि अंडी घालावयाजोगी जाळी म्हणावी तर शंभर पावले.

त्या शंभर पावलांत एक लांडोर आषाढ शुद्ध पंचमीस पाच अंड्यांवर बसली. तिचे सरदार मोर, ते पिसारा सांभाळीत दुसरे शिवारी निघोन गेले होते. त्यांची या बखरीत पुढे गरज पडत नाही. अंडी उबविण्याचे कामी तैसीही पडत नसते.

हे ठाणे प्रथम नजरेस पडले ते प्रणालीबाईंचे. बाई म्हणजे खुशालराव यांची सून, प्राणिशास्त्राची पदवीधर. त्या पदवीचा उपयोग लग्नाचे बायोडाट्यात एकवार जाहला होता, तो आता दुसऱ्यांदा जाहला. कडेवर अकरा महिन्यांची कन्या घेऊन बाई रोज वीस पावलांवरून पाहणी करीत. अधिक जवळ जात नसत, कारण मनुष्याचे मागावर कावळा येतो आणि कावळ्याचे मागे मुंगूस. लांडोर दिवसातून एकदा उठोन चार दाणे टिपी आणि धावत परत येई. घास तोंडात आणि कान पाळण्याकडे, ही जेवणाची रीत बाईंस ठाऊक होती. बैठक अठ्ठावीस दिवसांची. बाई दिवस मोजीत होत्या.

विसावे दिवशी, म्हणजे वद्य नवमीस, हुकूम आला की पांदण साफ करोन रुंद करावी. उन्हाळ्यात मंजूर जाहलेले काम भर पावसाळ्यात निघाले, यात नवल नाही. पांदण समितीचे मुख्य खासे खुशालराव. त्यांचे सोयाबीन दोन साले चिखलात अडकले होते, तेव्हा त्यांचाही अन्याय म्हणवत नाही. फक्त एक अट होती, की आधी पक्ष्यांची गणती व्हावी. ती आठ दिवसांपूर्वीच पार पडली होती. गणतीचे सरदार धर्मेंद्र मोटारसायकलीवरून आले, गाडी बंद न करिता श्रावणबाबांस सवाल केला, आणि जाबसाल येणेप्रमाणे जाहला.

"बाबा, इकडं मोर दिसते काय?"

"मोर नाई दिसत बा. लांडोरी म्हनसान तं अकरा हायेत."

"लांडोरीचा रकाना नाई माह्याजवळ. मोर सांगा."

"मोर तं नाई."

तेव्हा सरदारांनी 'मोर: निरंक' ऐसे लिहिले, दस्तखत करोन कूच केले, आणि अकरा लांडोरी, चालू अंड्यांसहित, दफ्तरातून नाहीशा जाहल्या.

दशमीस पिवळा हत्ती, ज्यास लोक जेसीबी म्हणतात, तो पांदणीचे तोंडाशी येऊन उभा राहिला. प्रणालीबाईंनी सासऱ्यांपुढे अर्ज गुजारला, की मामाजी, आठ दिवस थांबावे.

"काहून थांबाव? सरकारानं लेखी देलं ना, मोर नाई म्हणून."

"मंग अंडे कोनं देले मामाजी? जेसीबीनं?"

"मले नको इचारू. कागदाले इचार."

तेव्हा बाई कागदास विचारावयास निघाल्या. कन्या कडेवर, डबा पिशवीत, दुरून काढलेल्या सात तसबिरी मोबाइलात, ऐशी शिबंदी घेऊन एसटीने अमरावतीस कचेरीत दाखल जाहल्या. तेथे शकुनबाई नामे कारकून होत्या. त्यांणी तसबिरी पाहून निवाडा दिला, की हा मोर नव्हे, ही मादी आहे, आणि मादीस रकाना नाही. बाईंनी विनंती केली की रकाना काढावा. जबाब मिळाला की रकाना मुंबईहून येतो. इतक्यात कन्येने टेबलावरील शाईचा पॅड हस्तगत करोन तोंडात घातला, आणि दोघी बायका एकदमच धावल्या, आणि पॅड काढून तोंड पुसता पुसता शकुनबाईंचा आवाज कचेरीचा होता तो घरचा जाहला.

"किती महिन्यांची?"

"अकरा."

"झोपू देते का रात्री?"

"नाई."

शकुनबाईंनी पॅड खणात बंद केला. मग सल्ला दिला तो ऐसा, की सोन्याचे पत्र्यावर कोरावा.

"अर्जात लांडोर लिवूच नका. 'पिसारा नसलेले मोर, नग अकरा' असं लिवा. गणतीत निरंक अन् अर्जात अकरा, म्हंजे तफावत. तफावत आली का फेरपाहणी आली. साहेब अकोल्याहून येतात, तोवर काम बंद."

"किती दिवस लागतीन?"

"आठ-दहा तं कुठंच गेले नाई. लवकर पायजे असन तं मी साहेबांशी बोलते."

"नका बोलू ताई."

कचेरीचे दिरंगाईस हात जोडणारी रयत त्या दिवशी प्रथमच पाहण्यात आली.

त्याच दिवशी तैसा अर्ज पडला आणि काम तहकूब जाहले. जेसीबी चिखलात चाके रोवून उभा राहिला आणि लांडोर समोर बसून राहिली. अमावस्येस मोठा पाऊस जाहला. दिवसभर बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता; जाऊन छत्री धरावी तर लांडोर उठेल, न जावे तर अंडी गार होतील, यास्तव बाई दारात उभ्या राहोन नुसत्याच भिजल्या. श्रावण शुद्ध द्वितीयेस, अठ्ठाविसावे दिवशी, चार अंडी फुटली. पाचवे फुटले नाही. लांडोर त्यावर आणखी अमळ बसली, मग चार पिले घेऊन समोरचे सोयाबिनात शिरली. ते सोयाबीन खुशालराव यांचे.

अर्जाचे दहावे दिवशी, श्रावण शुद्ध चतुर्थीस, अकोल्याहून साहेब आले. गाडीतून एक पाय खाली ठेविला, तो घोट्यापर्यंत गेला. वर काढिला, तो बूट आला नाही. त्याच जागी साहेबांनी हुकूम लिहिला, की सदर जागी दिवाळीपावेतो यंत्र चालविणे योग्य नाही. पाखरांचा त्यात उल्लेख नव्हता. अकरा लांडोरींनी जे केले नाही ते एका बुटाने केले.

दुसरे दिवशी प्रणालीबाई डबा घेऊन शेतावर गेल्या, तो खुशालराव काठी घेऊन भर उन्हात धुऱ्यावर उभे. बाईंनी पुसले, की मामाजी, हे काय.

"कुत्रं हाकलून राहिलो. पाखराईशी माहा काई संबंध नाई."

बाईंनी बरे म्हणोन डबा ठेविला आणि उभ्या राहिल्या. सोयाबीन हलत होते. खुशालराव यांणी मान न वळविता हळू आवाजात फर्माविले.

"इथं नको उभी राहू. तिकडून मुंगूस येते. तू त्या बाजूनं ध्यान ठेव."

येणेप्रमाणे जंग फत्ते जाहली. अंडी पाच, पैकी पिले चार, सर्व शाबूत. पहाऱ्यास सासरा पूर्वेस, सून पश्चिमेस. मिती श्रावण शुद्ध पंचमी, दोन प्रहर.