चांद्याच्या जत्रेतली खोकी

आशालताबाईंनी सकाळी शेडचं शटर वर केलं, तेव्हा आत पुठ्ठ्याची थप्पी छताला टेकली होती आणि माणूस एकही नव्हतं.

मारुंजीतल्या या शेडमध्ये आंब्याची खोकी तयार होत. कापलेला पुठ्ठा भोसरीहून यायचा, बायका त्याच्या घड्या घालून खाचेत खाच बसवायच्या, आणि कौस्तुभ नावाचा फळांचा व्यापारी ट्रक लावून खोकी न्यायचा. काम सोपं होतं. अडचण एवढीच, की आंब्याचा हंगाम आणि गावोगावच्या जत्रा एकदमच येतात. मागच्या वर्षी सगळ्या कामाच्या बायका मारुंजीच्याच होत्या. मारुंजीची जत्रा आली आणि शेड ओस पडली. तेव्हा कौस्तुभ फार नम्रपणे म्हणाला होता, "काकू, पुन्हा असं झालं तर मला दुसरीकडे बघावं लागेल."

यजमान, दादासाहेब, वारल्यावर बाईंना या शेडनंच माणसांत ठेवलं होतं. कौस्तुभ गेला असता, तर शेडही गेली असती.

म्हणून यंदा बाईंनी डोकं चालवलं. दोघी मारुंजीच्या घेतल्या, दोघी चांद्याच्या, दोघी महाळुंग्याच्या. एका गावात जत्रा असली, तर बाकीच्या दोन गावांवर काम चालेल. ही युक्ती त्यांनी हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्याला, स्वानंदला, ऐकवली. "आत्या, याला आमच्याकडे रिस्क पसरवणं म्हणतात. त्याचा वेगळा पगार देतात," तो म्हणाला. बाईंना तेव्हा फार बरं वाटलं होतं.

आज चांद्याची जत्रा होती. पुठ्ठाही नेमका उशिरा, काल संध्याकाळी आला, कारण पुठ्ठ्याच्या कारखान्यातले मजूर गव्हाच्या कापणीला उत्तरेत आपापल्या गावी गेले होते. चांद्याच्या दोघी येणार नाहीत हे धरलेलंच होतं. पण बाकीच्या चौघींना काय झालं? बाईंनी मारुंजीच्या सारजाबाईला फोन लावला.

"सारजे, कुठं आहेस?"

"चांद्याला, बाई."

"अगं, तू मारुंजीची ना?"

"सासर मारुंजीचं. माहेर हितलंच की. जत्रंला न्हाई यायचं, मग कवा यायचं?"

"बरं, महाळुंग्याची दिशा तरी?"

"ही काय माझ्या शेजारी बसलीया. तिची बहीण हितं दिलीया न्हवं. समद्याच हायेत, बाई. आमची लग्नं तुमीच तर जमवली."

बाई खाली बसल्या. खरंच होतं ते. दादासाहेबांची बदली इथल्या शाळेवर झाली, तेव्हा बाईंनी शिवणाचा वर्ग काढला होता. मुली टाके घालता घालता मन मोकळं करायच्या, आणि बाई संध्याकाळी त्यांच्या वडिलांना स्थळ सुचवायच्या. मुलगी लांब जाऊ नये, चालत माहेरी येता यावं, एवढाच त्यांचा आग्रह असे. तीन गावांत जोखीम पसरणार कुठून? तिन्ही गावं त्यांनी स्वतःच्या हातांनी एकत्र शिवून ठेवली होती. मागच्या वर्षी शेड एकदा बंद पडली होती. यंदा ती तीनदा बंद पडणार होती.

तेवढ्यात कौस्तुभचा फोन आला. "काकू, देवगडचा माल पोचलाय. दुपारी ट्रक पाठवतो."

"पाठव," बाई म्हणाल्या. मग त्यांनी टेम्पो बोलावला, पुठ्ठा भरला आणि बायकांकडून तिथंच खोकी करून घ्यावीत म्हणून चांदे गाठलं.

चांद्याच्या दोघींतली रत्नाबाई चुलीपाशी होती. शेडमधला तिचा हात सगळ्यांत चपळ. "रत्ने, जेवणं झाली की थोडा वेळ ये ना," बाई म्हणाल्या.

"कुटनं येऊ? घर पाहुण्यांनी भरलंय. पोळ्या कोण लाटणार? तुमी आधी बसा, जेवा."

सारजाबाईच्या माहेरी गेल्या, तिथंही ताट. दिशाच्या बहिणीकडे गेल्या, तिथंही ताट. ज्यांनी लग्न जमवलं त्यांना उपाशी कोण सोडणार? बायका मात्र सगळीकडे कोपरापर्यंत पिठात. बाई पुरणपोळीनं जड होऊन रत्नाबाईच्या दारापुढच्या मांडवात परतल्या, तर टेम्पोवाल्यानं सगळा पुठ्ठा पाहुण्यांच्या मधोमध उतरवून ठेवलेला.

मांडवात चांद्याचे जावई बसले होते. सगळ्यांत पुढं, फेटा बांधून, रत्नाबाईच्या नणंदेचा नवरा हैबतराव. पानात पापड आला नाही म्हणून एकदा हा माणूस भरल्या पंगतीतून उठून गेला होता.

"बाई, ही काय भानगड?"

"काही नाही, हैबतराव. खोकी आहेत. उचलते हं."

"ऱ्हाऊ द्या. घडी कशी घालत्यात?"

बाईंनी भीत भीत दाखवलं. हैबतरावांनी एक खोकं केलं, डोळ्यांसमोर धरून फिरवलं आणि दुसरा पुठ्ठा ओढला. शेजारच्यानं पाहिलं आणि तोही सरकला. घटकाभरात मांडवात दोन राशी झाल्या, एक मारुंजीहून आलेल्या जावयांची, एक महाळुंग्याहून आलेल्यांची.

रत्नाबाई पिठाच्या हातांनी धावत आली. "दाजी, ठिवा ते खाली. जावयाला कामाला लावलं म्हणून गाव त्वांडात शेण घालंल माझ्या."

"तू पोळ्या बघ. ती म्हाळुंग्यावाली फुडं चाललीत."

आखाड्यात कुस्त्या लागल्याचा पुकारा झाला, तरी कोणी उठलं नाही.

शेडला कुलूप बघून कौस्तुभ ट्रक घेऊन विचारत विचारत चांद्याला आला, तो तापूनच. पण मांडवात पाय ठेवताच त्याला पाटावर बसवलं गेलं. पुरणपोळी तोंडात असताना रागावता येत नाही. त्याचं जेवण होईपर्यंत ट्रक भरला होता. "काकू, दुसरीकडे बघायचं म्हणालो होतो, ते मनावर घेऊ नका," तो हळूच म्हणाला आणि निघून गेला.

बाई हात जोडून हैबतरावांपुढं उभ्या राहिल्या. "तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार तुमचं, बाई," हैबतराव खाली बघत म्हणाले. "लगीन झाल्यापास्नं दर जत्रंला हितं नुसता बसतुया. माणसं येत्यात, कवा आलाव म्हणत्यात, फुडं जात्यात. मी पापडावरनं उगं नव्हतो उठलो, बसून बसून जीव इटला हुता. आज दिस कसा गेला, कळलं न्हाई." मग आजूबाजूला बघून त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "म्हाळुंग्याला माझी मेव्हणी दिलीया. तितल्या जत्रंलाबी जायचंय मला. पुठ्ठा आणाल न्हवं?"

बाईंनी तिथूनच भोसरीला फोन लावला आणि पुठ्ठा जरा जास्तच सांगितला.