खुनाचं पारायण

"खुनाचं पुस्तक? आन् ते बी श्रावणात?" शकुबाईनं पुस्तकाचं तोंडसुद्धा न बघता ते श्रीशैलच्या पिशवीत परत कोंबलं. "माझ्या घरात काय कमी कटकटी हायत व्हय रे? जा, दुसरं दार बघ."

श्रीशैलनं दुसरं दार बघितलं, तिसरंही बघितलं. कर्नाटकाच्या सीमेवरल्या जांभळगीच्या वाचनालयाचा हा ग्रंथपाल चार दिवस दारोदार पुस्तकं घेऊन हिंडत होता. वाचनालयात माणसं यायची ती कन्नड पेपर वाचायला आणि पंख्याखाली बसायला. मराठीच्या कपाटाकडं पाली सोडून कुणी फिरकत नव्हतं. ऑगस्ट लागला तसा त्या कपाटासाठी तीस नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला, सगळा रहस्यकथा, भुताखेतांच्या गोष्टी आणि विज्ञानकथांचा. सोबत तालुक्याच्या साहेबांची चिठ्ठी होती. एकतीस तारखेपर्यंत तीसच्या तीस पुस्तकं वाचकांच्या नावावर चढली नाहीत, तर गठ्ठाही परत आणि कपाटही परत.

कपाट जाणार म्हटल्यावर श्रीशैलचं जेवणावरचं लक्ष उडालं. त्यातलं एकूण एक जुनं पुस्तक त्यानं वाचलं होतं, काही तर तीन-तीनदा. नवी मात्र त्यानं मुद्दाम अर्धवट ठेवली होती. पाठीमागचा मजकूर आणि पहिलं प्रकरण, बस्स. शेवट कळला की शिफारस करताना आपल्याच तोंडून फुटेल, ही त्याला धास्ती. पण शिफारस ऐकून घेणारा तर भेटायला पाहिजे! रिटायर्ड पोस्टमन हणमंतराव म्हणाले, "खून कोणी केला ते आधी सांग, मग वाचतो. उगं दोनशे पानं वाचून कशाला दमू?" चहावाला शिवराज भुताचं पुस्तक बघून दोन पावलं मागं सरला. "मी एकटा झोपतो, अण्णा," तो म्हणाला. विषय संपला.

शेवटी श्रीशैल सिद्धम्माच्या ओसरीवर येऊन टेकला. सिद्धम्मा पंचाहत्तरीची. अंगठेबहाद्दर, पण गावात तिच्या शब्दापुढं कुणी जात नसे. त्या दिवशी ती भलतीच घुश्शात होती. दर श्रावणात मठात पुराण लागायचं. एकानं मराठीतून वाचायचं, अमृतप्पानं कन्नडातून फोड करून सांगायची आणि सगळ्या गावानं ऐकायचं. यंदा वाचणाऱ्या शास्त्र्यांचा घसा बसला आणि मठ मुका झाला.

"शिरशैला, तुझ्याकडं येवढी पुस्तकं हायत. एखादी पोथी न्हाई व्हय?"

"पोथी न्हाई, अव्वा. हे हाय." श्रीशैलनं 'गिरणीतली तिसरी किल्ली' पुढं केलं. "डाळीच्या गिरणीचा मालक कुलूपबंद खोलीत मेलेला सापडतो. कुलपाच्या किल्ल्या दोनच, दोन्ही त्याच्याच खिशात. मंग तिसरी कुणाकडं हुती?"

सिद्धम्मा घुस्सा विसरली. "कुणाकडं हुती?"

"तेच तर पुस्तकात हाय."

"आन इकडं!" म्हणून तिनं नोंदवहीत अंगठा उठवला. महिन्यातली ती पहिली नोंद. श्रीशैलला वाटलं, चला, भोपळा तरी फुटला.

पण सिद्धम्माला पुस्तक वाचायची एकच रीत ठाऊक होती. तिनं पाटावर धुतलेलं वस्त्र अंथरलं, वर पुस्तक ठेवलं, त्याला भस्माची तीन बोटं ओढली आणि सुनेला, मल्लेश्वरीला, समोर बसवलं. मल्लेश्वरी उदगीरकडची, मराठी शाळेत शिकलेली, आवाज खणखणीत. अमृतप्पाला बोलावणं गेलं. बारा दिवसांचं पारायण, बाराव्या दिवशी समाप्ती आणि हुग्गीचा, म्हणजे गव्हाच्या खिरीचा, प्रसाद. आणि नेम सगळे पोथीचेच. चप्पल बाहेर. मधेच उठायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नेम म्हणजे पुढचं पान आधी उलटून बघायचं नाही.

पहिल्या दिवशी पाच बाया होत्या. तिसऱ्या दिवशी ओसरी भरली. पाचव्या दिवशी शकुबाई, जी श्रावणात खून नको म्हणाली होती, ती पुढची जागा धरून बसली. आठव्या दिवशी माणसं अंगण ओलांडून समोरच्या वाचनालयाच्या पायऱ्यांवर गेली. मल्लेश्वरी एक परिच्छेद वाचायची आणि थांबायची. अमृतप्पा डोळे मिटून कन्नडात फोड करायचा, आणि दीडशे माणसांतून एकदम "अय्यो शिवने" असा सुस्कारा निघायचा. श्रीशैल खांबाला टेकून बघत राहायचा. दोनशे पानांचं कागदाचं पुस्तक ते, आणि अख्खं गाव त्याच्यापुढं श्वास धरून बसलं होतं! जन्मभर पुस्तकं सांभाळली, पण पुस्तकात एवढी ताकद असते हे त्यानं डोळ्यांनी आत्ता बघितलं.

खुनी कोण यावरून गावात तट पडले. हणमंतरावांचा संशय मुनीमावर. अमृतप्पा डॉक्टर म्हणायचा. सिद्धम्मानं मात्र तिसऱ्याच दिवशी निकाल दिला होता. गिरणीमालकाचा भाचा पोलिसांना जबानी देतो, की खून झाला त्या भर दुपारी आपण शेतात एकटेच सोयाबीन काढत होतो. एवढं वाक्य ऐकलं आणि म्हातारीनं हात वर केला.

"ह्यानंच मारलं."

"अव्वा, अजून दहा प्रकरणं हायत," मल्लेश्वरी म्हणाली.

"असू देत. भर दुपारी सोयाबीन कोण काढतंय? ऊन चढलं की शेंगा फुटत्यात, दाना रानातच सांडतो. दव हाय तवरच काढत्यात. त्यो मुडदा भाचा खोटं बोलायलाय."

श्रीशैल थक्क झाला. पुस्तकातल्या इन्स्पेक्टरनं ते वाक्य नुसतं डायरीत टिपून घेतलं होतं.

या सगळ्या आनंदात एक गोष्ट त्याच्या ध्यानातून निसटली. ती समाप्तीच्या दिवशी, एकतीस तारखेला, टेम्पो घेऊन आली. टेम्पोतून तालुक्याचे साहेब, महेशकुमार, उतरले. त्यांनी नोंदवही उघडली, पान उलटलं, परत मागं उलटलं.

"महिन्यात एकच पुस्तक?"

"साहेब, पण ते सगळं गाव..."

"आन् ते बी अंगठा लावणाऱ्या बाईच्या नावावर?"

श्रीशैलनं कपाटाकडं बघितलं. खरंच की! गावाला एक पुस्तक पुरलं होतं, मग दुसरं कोण नेईल? बाकीची एकोणतीस पुस्तकं कपाटात कोरी करकरीत बसली होती. आपण शिफारस इतकी चांगली केली, की तिनंच कपाट बुडवलं.

"दीडशे माणसं ऐकायलीत, साहेब. हे काय, समोरच बसलीत."

"ऐकणं येगळं, वाचणं येगळं. वहीत सही पाहिजे. नियम म्हंजे नियम." साहेबांनी टेम्पोवाल्याला कपाटाकडं बोट दाखवलं.

तेवढ्यात ओसरीवरून सिद्धम्माचा आवाज आला. "कोन हाय ते? समाप्तीच्या टायमाला सामान हलवू नगा. चप्पल काढून बसा. प्रसाद घेऊन जावा."

हुग्गीचा वास अंगणभर पसरला होता. साहेब सकाळी नुसत्या चहावर निघाले होते. "पाच मिनिटं," असं घड्याळाला बजावून ते बसले. दहा मिनिटांनी ते पुढं सरकले. वीस मिनिटांनी शेजारच्या शकुबाईला विचारू लागले, "मुनीम त्या दिवशी गावात हुता का न्हाई?"

"गप ऐका की हो," शकुबाई म्हणाली.

दिवस कलायला आला होता. मल्लेश्वरीचा आवाज चढला. "इन्स्पेक्टरनं सगळ्यांकडं एकवार बघितलं. तिसरी किल्ली ज्याच्याकडं आहे तो याच खोलीत आहे, तो म्हणाला. आणि त्या माणसाचं नाव आहे..." तिनं पान उलटलं. "...यानाचा दरवाजा उघडला. बाहेर मंगळाची तांबडी धूळ उडत होती."

मल्लेश्वरी बिचारी वाचण्याच्या तारेत. तिनं तसंच पुढं वाचलं. कॅप्टन उतरला, त्यानं प्राणवायूची नळी तपासली. सगळे अमृतप्पाकडं बघू लागले. अमृतप्पानं चाळीस वर्षांत कुठल्या ओळीपुढं हार मानली नव्हती. त्यानं घसा साफ केला.

"म्हंजे बघा, गिरणीमालकाचा आत्मा वर चाललाय. तांबडी धूळ म्हंजे ही माया. नळी म्हंजे गुरूचा उपदेश."

लोकांनी हात जोडले. दोन बायांनी डोळे पुसले. साहेबांनीही, उगीच कशाला विषाची परीक्षा म्हणून, हात जोडले.

"थांब गं," सिद्धम्मा म्हणाली. "आत्मा गेला ते बरं झालं. पर भाच्याला बेड्या कोण घालणार?"

मल्लेश्वरी थांबली, गोंधळली. श्रीशैल धावत पुढं गेला. त्यानं पुस्तक उचललं आणि मागं-पुढं चाळलं. एकशे ब्याण्णव पानापर्यंत गिरणी होती. एकशे त्र्याण्णवपासून शेवटपर्यंत मंगळ. छापखान्यात बांधणी करताना शेवटच्या सोळा पानांचा फर्मा बदलला होता! कुणीतरी शेवटाकडचं एखादं पान जरी आधी उलटलं असतं, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण पोथी ती पोथी.

"अव्वा, ही पानं दुसऱ्या पुस्तकाची. आपली सोळा पानं चुकून त्या दुसऱ्यात गेली असनार."

"म्हंजे समाप्ती न्हाई?" मागून कुणीतरी ओरडलं.

"समाप्ती न्हाई तर प्रसाद न्हाई," सिद्धम्मानं जाहीर केलं आणि हुग्गीच्या भांड्यावर परात झाकली. दीडशे माणसं हवालदिल झाली. सगळ्यांत जास्त साहेब.

"अहो ग्रंथपाल, कुठल्या पुस्तकात गेलीत पानं? बघा की लौकर!"

श्रीशैलनं तोंड उघडलं. 'मंगळावरचा मुक्काम' हे नाव त्याच्या जिभेच्या शेंड्यावर आलं होतं. लाल पुठ्ठ्याचं, वरच्या फळीवर तिसरं. पण त्याचं लक्ष टेम्पोकडं गेलं, मग कपाटाकडं गेलं आणि त्यानं ते नाव गिळलं.

"काय सांगावं, साहेब," तो म्हणाला. "ह्या गठ्ठ्यातल्या कुठल्या बी पुस्तकात असतील. प्रत्येकानं एकेक घेऊन हुडकायला पाहिजे."

"मंग घ्या की!"

"घेतील. पर सही केल्याबिगर पुस्तक हातात देता येत न्हाई. नियम म्हंजे नियम."

वाचनालयाच्या दारात रांग लागली. श्रीशैलच्या जन्मात अशी रांग लागली नव्हती. हणमंतराव आले, सही केली, पुस्तक घेतलं. शकुबाई आली. शिवराजनं भुताचं पुस्तक घेतलं आणि दिव्याखाली जाऊन उघडलं. पाचवी सही, बारावी, एकोणिसावी. भुकेनं अक्षरं वाकडी येत होती, पण येत होती. अठ्ठावीस माणसं अंगणात पुस्तकं उलटीपालटी करत बसली. शेवटचं पान बघून झालं तरी पुस्तक खाली ठेवायला कुणी तयार नव्हतं. "हे बघ रे, ह्यात तर बाईच वाघ होती," कुणी शेजारच्याला सांगत होतं. हणमंतराव, ज्यांना दोनशे पानं जड होती, ते पहिल्या पानावर गेले होते आणि हाक मारली तरी ओ देत नव्हते.

"सापडलं का?" साहेब दारात येऊन उभे.

"न्हाई, साहेब. एकच पुस्तक राहिलंय." श्रीशैलनं वहीखालून लाल पुस्तक काढलं. "पर घ्यायला मानूस न्हाई. ज्याला सही येती, त्याच्या हातात एकेक हायच."

"द्या इकडं!"

श्रीशैलनं वही पुढं सरकवली. साहेबांनी वहीकडं बघितलं, हुग्गीच्या भांड्याकडं बघितलं आणि फर्डी सही ठोकली. तिसावी नोंद.

पुढचं सगळं कसं झालं ते जांभळगीत आजही सांगतात. साहेबांनी एकशे त्र्याण्णवावं पान उघडलं आणि तिथल्या तिथं ओरडले. सिद्धम्मानं त्यांच्या कपाळाला भस्म लावलं, पाटापुढं बसवलं आणि समाप्तीचा अध्याय साहेबांनी स्वतः वाचला. एरवी आदेश वाचणारा आवाज, पण लोकांनी कान टवकारून ऐकला. तिसरी किल्ली भाच्याच्या बुटाच्या टाचेत निघाली. खून त्यानंच केला होता.

अंगणात एकच गलका उठला. श्रीशैलनं साहेबांच्या हातून पुस्तक घेऊन ती सोळा पानं घाईघाईनं चाळली. किल्ली होती, टाच होती, बोटांचे ठसे होते. सोयाबीनचा उल्लेख कुठंच नव्हता. इन्स्पेक्टरला तो खोटेपणा दिसलाच नव्हता. लिहिणाऱ्यालाही आपण एवढा पक्का पुरावा लिहून ठेवलाय याची खबर नसावी. अंगठा उठवणाऱ्या म्हातारीनं तो ऐकता ऐकता उचलला होता. श्रीशैलला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

हुग्गी वाढली गेली. रिकामा टेम्पो तालुक्याकडं निघाला. आत साहेब, आणि त्यांच्या मांडीवर लाल पुस्तक. "सात दिवसांत परत करायचं, साहेब," श्रीशैलनं ओरडून सांगितलं. साहेबांनी मान वर न करता हात हलवला.

सगळ्यांत शेवटी सिद्धम्मा श्रीशैलच्या द्रोणात हुग्गी वाढायला आली. तिनं एक पळी घातली, दुसरी घातली, वर तुपाची धार सोडली.

"काय रे शिरशैला, ते लाल पुस्तक सगळ्यांत शेवटी कसं काय राहिलं?"

"योगायोग, अव्वा. हाताला लागलंच न्हाई आधी."

म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली. मग वाकून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "भर दुपारी सोयाबीन काढायलास व्हय?"

आणि तिनं त्याच्या द्रोणात तिसरी पळी घातली.