एका खाटेवर तिघं

शेजारच्या बर्वे डॉक्टरांकडे जेवायला गेलं की पेशंटसारखं बसावं लागतं. खुर्च्या भिंतींना लावून दोन रांगांत, मध्ये रिकामी वाट, समोर टोकाला देव्हारा. डॉक्टर सांगतात, "फ्रान्समधल्या आपल्या हॉस्पिटलात खाटा अशाच होत्या. पडल्या पडल्या देव दिसायचा." आपल्या! जसं काही तिथे ड्यूटी करून आलेत. ते हॉस्पिटल शेकडो वर्षांपूर्वीचं. आता उरलंय काय, तर एक भिंत, अर्धी कमान आणि विहीर.

इथली, लीड्समधली बाकी मराठी मंडळी पॅरिसला जाऊन मनोऱ्यापुढे फोटो काढतात. डॉक्टर दरवर्षी त्या भिंतीला भेटून येतात. मग टीव्हीवर फोटो. "ही भिंत." आम्ही माना डोलावतो. "हीच भिंत, डावीकडून." पुन्हा डोलावतो. शाळेतला एकही धडा मला इतका पाठ नव्हता.

त्यांच्यापुढे तक्रारीची सोय नाही. माझा मुलगा विनय एकदा म्हणाला, "काका, इथे फॅमिली डॉक्टरची अपॉइंटमेंटच मिळत नाही हो." डॉक्टर खूश. "अरे, तिथे एका खाटेवर तिघं झोपायचे!" सूनबाईची कंबर दुखते? एका खाटेवर तिघं. भात कमी पडला? एका खाटेवर तिघं.

गेल्या महिन्यात त्यांचंच ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तर एकटेच खुर्च्या सरळ करत होते. मी एरवी बोलत नाही, पण तोंडातून निघून गेलं, "आता तुम्हालाही मिळेल खाट. दोघांना घेऊन झोपा."

ते हसले नाहीत.

"वहिनी, हिला शेवटी सिंगल रूम होती. मीच ओळखीने मिळवली, माझ्याच हॉस्पिटलात. केवढी ऐट होती मला! मी खाली चहाला गेलो आणि ही गेली. दार बंद. कोणाला कळलंच नाही. तिघांच्या खाटेवर निदान शेजारणीला कळलं असतं."

मी डबा ठेवला. "भेटायची वेळ काय?" एवढंच विचारलं.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदाच एकटी बसने गेले. नर्स सांगत होती, सिंगल रूम देत होतो, पण हे नकोच म्हणाले. सहा जणांच्या वॉर्डात समोरचे आजोबा मोठ्याने घोरत होते. डॉक्टर डोळे मिटून ऐकत होते.

"खाटेवर एकटाच आहे," ते पुटपुटले, "पण चालेल."

माझी खुर्ची भिंतीला लावलेली होती. मी ती ओढून खाटेजवळ घेतली.