सामानाच्या दाराचा पिवळा दिवा

सकाळचे सात वाजले होते आणि कुलूपवाले जेवणाच्या टेबलावर विमान चालवत होते. समोर कॉकपिटचा मोठा रंगीत तक्ता पसरला होता. तो उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर चहाचा कप आणि दुसऱ्यावर साखरेचा डबा ठेवला होता. हातातल्या चमच्याने ते एकेका दिव्यावर टकटक करत होते.

"लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता काहीतरी करा. पिवळा म्हणजे सावध राहा, बघा, मग करा. हिरवा म्हणजे चालू आहे. आणि हा?"

"हा चहा. गार झाला," बायको म्हणाली.

कुलूपवाल्यांचा कुलपांचा कारखाना होता. कुलपाचं नाव 'भरवसा', आणि त्यांचा स्वतःचा कोणावरही नव्हता. घरातल्या प्रत्येक कपाटाच्या, खणाच्या फटीत ते स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड दुमडून अडकवत. कोणी दार उघडलं तर कार्ड खाली पडणार आणि चोर पकडला जाणार. तीस वर्षांत एकही चोर सापडला नव्हता. यावरून चोर किती तयारीचे आहेत हे त्यांनी ओळखलं होतं. बायको रोज कपाट उघडायची, कार्ड झेलायची, साडी काढायची आणि कार्ड होतं तसं परत लावायची. हे त्यांना ठाऊक नव्हतं.

वर्षापूर्वी त्यांनी आठ जणांचं एक छोटं जेट विमान घेतलं, तेही वापरलेलं. विकणारा माणूस सही करताना हसला का, या प्रश्नात त्यांचे पहिले दोन महिने गेले. मग त्यांनी आपलं लक्ष कॅप्टनकडे वळवलं.

कॅप्टन अठ्ठावन्न वर्षांचा, कमी बोलणारा माणूस होता. या वयात दुसरं विमान कोणी देणार नाही हे त्याला माहीत होतं, आणि तरी नियमाच्या बाहेर तो एक बोटभरही जात नसे. कुलूपवाल्यांना हेच खटकायचं. इतका सरळ माणूस वाकडा असल्याशिवाय राहील कसा?

शिवाय पुरावा होता. त्यांच्याकडे एक छोटी वही होती. डोंगरातल्या गावी, जिथे कारखान्याची शाखा होती, नऊ खेपा झाल्या आणि एकदाही दिवा लागला नाही. समुद्रकाठच्या गावी चार खेपा झाल्या, आणि त्यातल्या तीन वेळा परत निघताना सामानाच्या दाराचा पिवळा दिवा लागला. दर वेळी को-पायलट खाली उतरे, शेपटाजवळचं सामानाचं दार उघडून पुन्हा लावी. दिवा विझे. पण कॅप्टन म्हणे, "का लागला ते कळल्याशिवाय मी उडत नाही." मग दुसऱ्या शहरातून इंजिनिअर येई, तो दुसऱ्या दिवशी पोचे, सगळं तपासून 'दोष आढळला नाही' असं लिहून देई. तोवर एक मुक्काम घडलेला असे. मागच्या वेळी तर को-पायलटच्या बुटात वाळू होती.

"फक्त एकदाच दिवा लागला नाही. तुला ताप होता आणि मी एकटाच गेलो होतो, तेव्हा," ते बायकोला म्हणाले. "म्हणजे बघ, मी एकटा असलो की कॅप्टन घाबरतो."

"असेल," बायको म्हणाली आणि तक्त्यावरून साखरेचा डबा उचलून घेतला.

पुरावा इथेच संपत नव्हता. समुद्रकाठच्या गावात कुलूपवाल्यांची मेहुणी राहायची. ती दर खेपेला घरी केलेल्या बिस्किटांचे चार मोठे डबे द्यायची. ते सामानाच्या खणात ठेवल्यावर कुलूपवाले दाराच्या खालच्या कोपऱ्यात आपलं कार्ड अडकवायचे. दिवा लागलेल्या खेपेला घरी पोचल्यावर कार्ड जागेवर नसे आणि एका डब्याचं झाकण सैल असे. दोन आणि दोन चार करायला त्यांना वेळ लागला नाही. दिवा हे निमित्त होतं. खरा डाव दार उघडून बिस्किटं खाण्याचा आणि वर समुद्रावर फिरण्याचा होता.

म्हणून त्यांनी एका निवृत्त मेकॅनिककाकांची शिकवणी लावली होती. पाच धडे ठरले, चार झाले.

"सगळं ठीक असेल तेव्हा कोणता दिवा लागतो?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं.

"कोणताच नाही," काका म्हणाले. "समोर अंधार असला की समजायचं, सगळं छान चाललंय."

"हे तर चोरांचं बोलणं झालं!"

"अहो, दिवा फक्त तक्रार करायला लागतो. तक्रार नाही, तर दिवा नाही."

"आणि दिवाच मेला असेल तर?"

"ते पाचव्या धड्यात."

पाचवा धडा शनिवारी होता आणि समुद्रकाठची खेप शुक्रवारी आली.

शुक्रवारी सकाळी विमानात बसताना कुलूपवाल्यांनी कॅप्टनला बाजूला घेतलं. "आज परतताना तो पिवळा दिवा लागला, तर उद्यापासून तुम्ही घरी बसा. मी सगळं शिकलोय. मला आता बनवता येणार नाही."

"दिवा लागणं माझ्या हातात नाही, साहेब."

"ते बघूच."

ते कॉकपिटच्या अगदी मागच्या खुर्चीत, मान पुढे काढून बसले. बायको खिडकीशी बसली. मांडीवर शाल होती आणि चेहरा माहेरी निघालेल्या बाईचा होता. कॅप्टनने एक बटण फिरवलं, आणि कॉकपिटमधले झाडून सगळे दिवे एकदम पेटले. लाल, पिवळे, हिरवे, एकही मागे राहिला नाही. वर घंटा वाजू लागली.

"आग!" कुलूपवाले किंचाळले. "डाव्या इंजिनाला आग! उजव्यालाही आग! तेल गेलं! दार उघडं! उतरा सगळे!" आणि चार धड्यांत शिकलेलं सगळं म्हणत त्यांनी बायकोचा हात धरून तिला पायऱ्यांवरून जवळजवळ खालीच ओढलं. धावपट्टीच्या कडेचा झाडूवाला झाडू टाकून पळाला. त्याला पळताना पाहून इंधनाची गाडी मागे गेली, आणि ती मागे गेली म्हणून अग्निशामक दलाची गाडी पुढे आली.

कॅप्टन दारात येऊन उभा राहिला. "साहेब, दिव्यांची चाचणी होती. सगळे दिवे चालतात ना, हे उडण्याआधी बटण फिरवून बघतात."

कुलूपवाले धापा टाकत उभे होते. पण धाप लागली तरी डोकं थांबत नाही. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "हवे तेव्हा दिवे लावायचं बटण तुमच्याकडे आहे."

कॅप्टन वळून आत गेला. या माणसाला पाचवा धडा देण्यात अर्थ नाही, हे त्याला कळून चुकलं असावं.

समुद्रकाठी दिवस नेहमीसारखा गेला. कुलूपवाल्यांनी दोन दुकानदारांवर संशय घेतला आणि त्यातल्या एकाला माल दिला. दोघी बहिणी चार तास बोलल्या आणि बोलणं अर्ध्यावर आलं तेव्हा निघायची वेळ झाली. मेहुणी म्हणाली, "आजची रात्र राहा की गं!" बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा घड्याळाकडे पाहत होता.

चार वाजता विमानतळावर कुलूपवाल्यांनी स्वतःच्या हाताने डबे ठेवले, दार लावलं, कार्डाच्या दोन घड्या घातल्या आणि खालच्या कोपऱ्यात अडकवलं. मग पायलट लोक काय कुजबुजतात ते ऐकायला ते पुढच्या चाकाजवळ जाऊन उभे राहिले. ते दोघं पावसाच्या ढगांबद्दल बोलत होते. बायको शाल ठेवायला मागे जाऊन आली. सगळे बसले.

कुलूपवाल्यांनी डोळे कॅप्टनच्या हातांवर रोवले होते. हात जागच्या जागी होते. चाचणीच्या बटणाला कोणी स्पर्शही केला नाही. आणि पिवळा दिवा लागला.

"सामानाचं दार," को-पायलट हळूच म्हणाला. त्याने मागे वळून पाहायचं टाळलं.

"लावलात!" कुलूपवाले उठून उभे राहिले. "कसा लावलात ते कळलं नाही, पण लावलात!"

"मी बघून येतो," को-पायलट उठला.

"खबरदार! दाराला कोणी हात लावायचा नाही! दार मी स्वतः लावलंय. ते लागलेलं आहे. चला, उडा."

"दिवा लागलेला असताना मी उडत नाही, साहेब," कॅप्टन म्हणाला.

"मालक मी आहे."

"विमानाचे आहात. माझ्या सहीचे नाही."

"मग सकाळी काय सांगितलं होतं ते आठवतंय ना?"

कॅप्टन खुर्चीतून उठला. मग त्याने टोपी उचलली, चष्मा खिशात टाकला आणि विमानाच्या किल्ल्या कुलूपवाल्यांच्या हातात ठेवल्या. "आठवतंय," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. को-पायलटने मान खाली घातली. पायऱ्या उतरताना कॅप्टनने जाता जाता विमानाच्या दाराच्या कडेवरून हात फिरवला, गोठ्यातल्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

कुलूपवाल्यांच्या बायकोने हे पाहिलं. इतका वेळ ती खिडकीतून बाहेर बघत होती. आता ती उठली, कोणाशी न बोलता खाली उतरली आणि शेपटाकडे चालू लागली. कुलूपवाले मागोमाग धावले.

"अगं, हात लावू नकोस! पुरावा आहे तो!"

तिने दार न उघडताच वरच्या फटीत दोन बोटं घातली आणि एक पांढरी, जाडसर घडी उपसून काढली.

"गेला!" वरून को-पायलट ओरडला. "दिवा गेला!"

तिने घडी परत आत सारली.

"आला!"

काढली. "गेला!" सारली. "आला!" कॅप्टन चालता चालता थांबला आणि मागे वळला.

बायकोने घडी उलगडून नवऱ्याच्या हातात दिली. त्यावर कुलपाचं चित्र होतं आणि ठळक अक्षरांत 'भरवसा' लिहिलं होतं.

कुलूपवाल्यांनी ते कार्ड दोनदा उलटसुलट केलं. "पण मी खालच्या कोपऱ्यात लावतो," ते म्हणाले. "आणि दोनच घड्या घालतो. याला चार आहेत."

"वरच्या बाजूला चौकटीत एक छोटं बटण आहे," बायको म्हणाली. "दार पुरतं बसलं की ते दाबलं जातं. दोन घड्यांनी काही होत नाही. चार घातल्या की दार केसभर बाहेर राहतं आणि बटण सुटतं."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. पहिल्यांदा चुकून झालं हो, खरंच. शाल ठेवायला दार उघडलं, तुमचं कार्ड पडलं, ते घाईत आणखी दुमडून भलत्याच जागी लावलं. आणि मला ताईकडे एक रात्र मिळाली." तिने बोटांवरची धूळ झटकली. "बाकीच्या वेळी चुकून नाही."

"आणि बिस्किटं?"

"दार उघडलंच आहे म्हटल्यावर एखादं खाल्लं."

कुलूपवाल्यांनी खिशातली वही काढली. कॅप्टन, को-पायलट, इंजिनिअर, विमान विकणारा, समुद्र, वाळू, सगळ्यांवर त्यांनी संशय घेतला होता. वहीत सगळ्यांच्या नावाचं पान होतं. हिच्या नावाचं नव्हतं. तीस वर्षांत हिच्या बाजूने एकही दिवा लागला नव्हता, आणि समोर अंधार आहे म्हणजे सगळं छान चाललंय, असं ते समजून बसले होते.

"राहायचं होतं तर सांगायचंस," ते शेवटी म्हणाले. आवाज त्यांच्या मानाने फारच लहान निघाला.

"सांगितलं की. किती वेळा. तुम्ही म्हणालात, राहा म्हणतेय म्हणजे दोघी बहिणींचं काहीतरी शिजतंय." तिने साडीचा पदर सारखा केला. "मी आजही बोलले नसते. पण त्या माणसाची नोकरी जात होती."

कॅप्टन जवळ येऊन उभा होता. कुलूपवाल्यांनी न बघताच किल्ल्या त्याच्यापुढे धरल्या. माफी मागायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे त्यांनी घसा तीनदा साफ केला. कॅप्टनने तेवढ्यावर भागवून घेतलं आणि किल्ल्या घेतल्या.

"कारण कळलं, साहेब. नोंद करतो आणि निघू. दहा मिनिटांत."

"नोंद काय करणार?"

"जे घडलं ते. दारात मालकांचं व्हिजिटिंग कार्ड."

कुलूपवाल्यांनी मान हलवली. बायको पायऱ्यांकडे निघाली होती. तिने एकदाच मागे वळून गावाच्या दिशेने पाहिलं आणि पुन्हा चालू लागली.

"थांबा," कुलूपवाले कॅप्टनला म्हणाले. "आज न निघता उद्या निघालो तर? म्हणजे, तुम्ही लिहा की दिवा लागला होता आणि..."

"दिवा गेलाय, साहेब. खोटं मी लिहीत नाही."

"हो, हो. ते बरोबर आहे."

कुलूपवाले सामानाच्या दाराकडे वळले. मग हातातल्या कार्डाच्या त्यांनी पहिल्या दोन घड्या घातल्या. आजूबाजूला कोणी बघत नाही ना याची सवयीने खात्री केली. सगळेच बघत होते. त्यांनी आणखी दोन घड्या घातल्या, टाचा उंचावल्या आणि दाराच्या वरच्या फटीत बोटं घातली.

"जरा डावीकडे," बायको पायऱ्यांवरून म्हणाली.

"आला!" को-पायलट वरून ओरडला, आणि त्याच्या आवाजात समुद्राची वाळू होती.

कॅप्टनने टोपी काढून काखेत धरली. "दिवा लागलेला असताना मी उडत नाही, साहेब," तो म्हणाला, आणि इंजिनिअरला फोन लावायला निघाला.