म्हशीचं नाव पेनेलोपी

आमच्या बिरसीतल्या म्हशी नुसतं "हुर्र" म्हटलं तरी वळतात. शेजारच्या झिंगरूची म्हैस मात्र पूर्ण नाव घेतल्याशिवाय मान वर करत नव्हती. नाव होतं पेनेलोपी.

झिंगरू गावालगतच्या विमानतळावर गवत कापायला जायचा. तिथे विमान चालवायला शिकणाऱ्या एका पोरीचं हे नाव. ह्याला खोड अशी, की कोणाचं नाव कळलं की अर्थ विचारल्याशिवाय पाणी पिणार नाही. पोरीनं सांगितलं, ग्रीस देशाच्या जुन्या कथेतली ती राणी. कोणी म्हणतात नावाचा अर्थ विणणारी, कोणी म्हणतात बदक. लहानपणी तिला समुद्रात टाकली, बदकांनी वाचवली. पुढे नवरा लढाईला गेला तो वीस वर्षं आला नाही. लोक लग्नासाठी मागे लागले. ती म्हणाली, हातातलं कापड विणून झालं की करते. मग दिवसा विणायची, रात्री उसवायची.

त्याच आठवड्यात झिंगरूची लहानगी वगार बोडीत, म्हणजे आमच्या गावतळ्यात पडली. ह्यानं ओढून काढली तेव्हा भोवती बदकं पोहत होती. झालं. गावाला गूळ वाटून बारसं केलं.

गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरनं मालकाचं नाव विचारलं, ह्यानं म्हशीचं सांगितलं, वरून दोन्ही अर्थ. डॉक्टर सुई हातात धरून ऐकत राहिला.

मी एकदा म्हटलं, "बदक ठीक हाये, पाण्यातच पडून राहते. पण विणते काय?"

"रवंथ पाह्य ना भाऊ. खाल्लेलं वापस काढते. उसवणंच हाये ते."

माझी बायको सखू पोट धरून हसली. पण त्या म्हशीला पूर्ण नावानं हाक मारणारी गावात दुसरी तीच.

सखू गेली. ज्या खाटेवर गेली तिची सुतळी मी विळ्यानं कापून टाकली अन् भुईवर निजू लागलो. कोणाशी बोलणं नाही. महिन्याभरानं झिंगरू सुतळीचा गुंडा घेऊन आला.

"कायले? मले खाट नाही पाहिजे," मी म्हटलं.

तो बसलाच. विणता विणता सखूच्या गोष्टी काढायचा. मी आधी चिडायचो, मग बोलायचो.

खाट दोन दिवसांचं काम. पंधरा दिवस झाले, खाट अर्धीच. एका संध्याकाळी मी बोडीवरून अंघोळ करून रोजच्यापेक्षा लवकर आलो. झिंगरू माझ्या अंगणात बसून विणलेलं उसवत होता. कुंपणाबाहेर पेनेलोपी रवंथ करत उभी. मी आल्या पावली परत गेलो.

पुढे एक दिवस मला ताप होता. बोडीवर गेलोच नाही, दिवसभर खाटेसमोर बसून. त्याला उसवता आलं नाही. खाट पुरी व्हायला दोन वेढे तेवढे राहिले.

सकाळी तो यायच्या आधी मीच सात-आठ ओळी उसवल्या.

त्यानं खाटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, काल एवढीच झाली होती काय?"

"एवढीच. तू हळू विणून राहिला ना बे."

तो खाली बसला. मी चहा ठेवायला उठलो.